साथ में कौन है? : इंदूरच्या मराठी महिला मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्षा, सचिव आणि सर्व सभासद भगिनी,
इंदूरमधील मराठी महिला मंडळे, भजनी मंडळे आणि भिशी मंडळे

सप्रेम नमस्कार.

भिशी मंडळांचं नाव वर मुद्दाम घातलं आहे. ठरल्या दिवशी ठरल्या वेळेला जमणं आणि पै-पैचा हिशेब ठेवणं, हे इंदुरात भिशीच्या बायकांइतकं कुणाला जमत नाही. बलात्कार झालेल्या बाईच्या शेजारी दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, कोर्टात बसायला मला सोबतिणी हव्या आहेत. त्यासाठी भाषण येणाऱ्या बायका नकोत, या दोन गोष्टी येणाऱ्या हव्यात.

मी सरकारी नर्स होते. 31 वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची 19 धार रस्त्याकडच्या एका सामुदायिक आरोग्य केंद्रात. सकाळी गंगवाल बसस्टँडवरून साडेसहाची बस, अंधार पडताना परत. तुमच्यातल्या काहीजणींना मी आठवत असेन, हळदीकुंकवाला सगळ्यात शेवटी येऊन सगळ्यात आधी निघणारी. दुसऱ्या दिवशीची बस चुकू नये म्हणून निघायचे.

आमच्याकडे बलात्काराची केस आली की वॉर्डबॉय लांबूनच हाक द्यायचा, ‘सिस्टर, एमएलसी आई है.’ एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. अपघात, मारामारी, विष प्यालेला माणूस, सगळे एमएलसीच. पण ‘आया है’ म्हटलं तर कुणी मान वर करत नसे, डोकं फुटलं असेल एवढंच. ‘आई है’ म्हटलं की बाकावरच्या सगळ्या माना दाराकडे वळायच्या. ती मुलगी दारातून आत यायच्या आधीच सगळ्या दवाखान्याला ठाऊक झालेलं असायचं.

त्यातला एक दिवस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, साल सांगत नाही. सोयाबीनची काढणी चालू होती. विशीतली एक मुलगी गावच्या कोटवाराबरोबर, म्हणजे चौकीदाराबरोबर, आणि एका पोलीस शिपायाबरोबर आली. पर्चीच्या, म्हणजे केसपेपरच्या, खिडकीवर तिला नाव विचारलं नाही, काय होतंय ते विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, ‘साथ में कौन है?’ तिनं शिपायाकडे पाहिलं. शिपायानं कोटवाराकडे. कोटवार म्हणाला, ‘मैं तो बस लेके आया हूँ.’ आई घरी तिच्या तान्ह्या पोराला धरून बसलेली, बाप आणि भाऊ दुसऱ्या फळ्यावर, म्हणजे वस्तीवर, तडजोडीला गेलेले. म्हणजे खरं उत्तर ‘कोणी नाही’ असं होतं, पण पर्चीवर त्यासाठी जागा नव्हती. मग कोटवाराचंच नाव लिहिलं.

ती अकरा वाजता आली होती. डॉक्टर शिबिराला गेलेले. दुपारी दुसरे आले, ते म्हणाले लेडी डॉक्टर नाही, पुढे पाठवा. पुढच्या मोठ्या दवाखान्यात म्हणाले, थान्याच्या, म्हणजे पोलीस ठाण्याच्या, चिठ्ठीवर शिक्का नाही. मी तिच्याबरोबर गेले होते. दया आली म्हणून गेले असं सांगायला बरं वाटलं असतं. माझी शेवटची बस निघून गेली होती आणि जीप इंदूरच्या दिशेनं जाणार होती, म्हणून गेले.

रात्री दहाच्या सुमारास तपासणी झाली. अंगावरचे कपडे पुरावा म्हणून घेतात. ओलसर असतील तर सावलीत वाळवायचे, कागदाच्या पाकिटात घालून सील करायचे, प्लॅस्टिकमध्ये घातले तर कुजतात. हे मला तोंडपाठ होतं. कपडे घेतल्यावर ती बाई काय नेसणार, हा विचार मात्र इतक्या वर्षांत माझ्या मनात आला नव्हता, कारण आम्ही बहुतेकींना पुढे पाठवून मोकळे होत होतो. तिथली सिस्टर म्हणाली, ‘घरवालों से कपड़े मँगवा लो.’ घर पन्नास किलोमीटरवर. माझ्या पिशवीत युनिफॉर्मची जादा पांढरी साडी होती. ती नेसून ती मुलगी पहाटे जीपमध्ये चढली. चढताना एवढंच बोलली, ‘सिस्टर, ये वापस कब देनी है?’

तिची केस टिकली नाही. चौथ्या पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, ती एकटीच आली होती, असं मला त्या गावच्या आशाताईनं सांगितलं. पुढच्या पेशीला तिचा जबाब फिरला.

खुली पत्रं लिहून काय होतं, असं माझी नात विचारते. तिला मी 1979 सालची गोष्ट सांगते. 26 मार्च 1972 रोजी, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. तिचं नाव पुस्तकांतून छापलं जातं, मी लिहीत नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि दोघेही पोलीस 1978 मध्ये सुटले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असणार, अशी ती विचारसरणी. त्यावर 16 सप्टेंबर 1979 रोजी कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, आणि आपल्यातले दोघे, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर. त्या पत्रातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाईनं संमती नव्हती म्हटलं तर न्यायालयानं ते तसं धरून चालावं, तिचं नाव छापू नये, सुनावणी बंद दाराआड व्हावी, हे सगळं तेव्हा आलं.

पण मला त्या प्रकरणातली दुसरीच एक गोष्ट छळते. त्या रात्री ती मुलगी ठाण्यात एकटी गेली नव्हती. भाऊ आणि घरची माणसं बरोबर होती. पोलिसांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत ठेवून घेतलं. सोबतची माणसं बाहेर, ती आत. पन्नासहून जास्त वर्षं झाली. कायदे किती बदलले, पण दवाखान्याच्या, थान्याच्या, कोर्टाच्या प्रत्येक दाराशी मी हीच मांडणी पाहत आले आहे.

कायद्याला हे कळलं आहे. तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या, जुलै 2024 पासून लागू असलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 मध्ये लिहिलं आहे की बलात्कारित स्त्रीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यावा, आणि आईवडील, पालक, जवळचे नातेवाईक किंवा त्या भागातली समाजसेवक व्यक्ती यांच्यासमोर घ्यावा. शेवटचे शब्द पुन्हा वाचा. जुन्या संहितेतही ते होते. सरकारनं एक खुर्ची मांडून ठेवली आहे आणि त्या खुर्चीवर बसायला गावात कोणी नाही.

गावात कोणी का नाही, हे शहरात बसून कळत नाही. आशाताई आहे, अंगणवाडीताई आहे, शिकलेल्या आहेत, धीटही आहेत. पण त्यांना त्याच गावात राहायचं आहे. आरोपीचा काका सरपंच असेल, किंवा सरपंच असलेल्या बाईचा नवरा, म्हणजे ‘सरपंचपती’, असेल. पाणी त्याच हातपंपावरून भरायचं, मानधनाच्या कागदावर सही त्याच घरातून घ्यायची. राष्ट्रीय गुन्हे नोंदणीत 2021 साली देशभरात बलात्काराची 31,677 प्रकरणं नोंदली गेली, त्यांतल्या 96 टक्क्यांहून अधिक ठिकाणी आरोपी त्या बाईच्या ओळखीचा होता. खेड्यात ‘ओळखीचा’ याचा अर्थ तिच्या दारावरून रोज जाणारा. आशाताई गुपचूप फोन करू शकते, तेवढं ती करते. थान्यात शेजारी बसू शकत नाही. आपण बसू शकतो. आपण बाहेरच्या आहोत, संध्याकाळी आपल्याला त्या हातपंपावर जायचं नाही, ही आपली अडचण नसून सोय आहे.

आता त्या मुलीचे बाप-भाऊ जिला गेले होते त्या तडजोडीबद्दल. झाबुआ-अलीराजपूरकडे तिला भांजगडी म्हणतात. शब्द ओळखीचा वाटेल, कारण भांजगड हा आपल्या जुन्या मराठीतलाही शब्द आहे. पंच बसतात, दोन्हीकडचं ऐकतात, रक्कम ठरते. जमिनीचा बांध, बैलाची चोरी, नवरा-बायकोचं भांडण, यांत ही पद्धत कोर्टापेक्षा स्वस्त आणि पुष्कळदा शहाणी असते, मी तिला नावं ठेवणार नाही. आता तर आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या 2022 च्या नियमांनी गावाच्या शांती व विवाद निवारण समितीला किरकोळ तंटे मिटवायचा अधिकारही दिला आहे. बलात्कार मात्र किरकोळ तंट्यात येत नाही आणि त्यात तडजोडीला कायद्यात जागाच नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये आपल्याच राज्यातून गेलेल्या एका खटल्यात हे स्वच्छ सांगितलं आहे. मी पाहिलेल्या एका बैठकीत रक्कम बापाच्या हातात पडली, पंचांचा वाटा निघाला, उरलेल्यातून भावाची मोटारसायकल आली. मुलगी पुढच्या आठवड्यात मजुरीला बडोद्याला गेली.

पण भिल्लांकडे बोट दाखवायच्या आधी इंदूरकडे पाहू. 30 जुलै 2020 रोजी आपल्या उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली की त्यानं राखीच्या दिवशी मिठाई घेऊन तक्रारदार बाईच्या घरी जावं, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी आणि ओवाळणी म्हणून 11,000 रुपये द्यावेत. गाव उज्जैन जिल्ह्यातलं. ज्याच्यामुळे ती कोर्टात गेली त्यालाच घरी बसवून ओवाळायचं! सर्वोच्च न्यायालयानं 18 मार्च 2021 रोजी ती अट रद्द केली आणि असे आदेश देऊ नयेत म्हणून सगळ्या न्यायालयांना बजावलं. भांजगडीतल्या पंचांना निदान राखीची कल्पना सुचली नव्हती.

आपण मंडळात या विषयावर काय करतो तेही बोलू. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीच्या बसमधल्या प्रकरणानंतर मेणबत्त्या लावल्या. एप्रिल 2018 मध्ये राजवाड्याजवळ एका तान्ह्या मुलीवर जे घडलं त्यानंतर पुन्हा लावल्या. त्या खटल्याचा निकाल 23 दिवसांत आला, फाशीची शिक्षा झाली आणि आपण समाधानानं घरी गेलो. आपल्या विधानसभेनं तर त्याआधीच, डिसेंबर 2017 मध्ये, बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशीची तरतूद करणारं विधेयक मंजूर केलं होतं. दर 8 मार्चला कराटेचं प्रात्यक्षिक होतं. कराटे वाईट नाही. पण सख्ख्या चुलत्याला, शेतमालकाला, मुकादमाला मुलगी कराटे मारत नाही. आणि फाशीची तरतूद कितीही मोठ्या अक्षरात छापली तरी पर्चीच्या खिडकीवर अकरा वाजता आलेल्या मुलीचा नंबर तिच्यामुळे लवकर लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्के जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. ज्या सांगायला घराबाहेर पडतात त्या थोड्याच. त्यांचा पहिला दिवस आपण नासवतो.

काय केलं तर फरक पडतो, याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्याच राज्यात पोलिसांनी ‘ऊर्जा’ नावाची महिला मदत कक्षांची योजना आणली, तिची 12 जिल्ह्यांतल्या 180 ठाण्यांत नीट परीक्षा झाली आणि निष्कर्ष 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आले. जिथे कक्ष होते तिथे बायकांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या. आणि एफआयआरमधली वाढ मुख्यतः तिथे दिसली जिथे कक्षात महिला पोलीस बसवली होती. यात कुठलं मोठं यंत्र नव्हतं. एक टेबल, थोडा आडोसा, शिकवून तयार केलेलं माणूस आणि समोर बसलेली बाई.

मी मागते आहे ते याहूनही साधं आहे. प्रत्येक मंडळानं चार बायका द्याव्यात. दोन-दोनच्या जोड्या, महिन्यातला एक आठवडा एका जोडीचा. फोन आला तर गाडी काढायची, देपालपूर असो, मानपूर असो की बदनावर, जाऊन त्या मुलीच्या शेजारी बसायचं आणि ‘साथ में कौन है?’ असं कुणी विचारलं की म्हणायचं, ‘मैं हूँ.’

त्या आधी दोन ठिकाणी नाव नोंदवू. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण पॅरालीगल व्हॉलंटियर, म्हणजे कायद्याच्या कामात मदत करणारे स्वयंसेवक, नेमतं, प्रशिक्षण आणि ओळखपत्र तेच देतं. खिडकीवरचा माणूस वयाला मान देत नाही, ओळखपत्राला देतो. दुसरं म्हणजे जिल्ह्याचं वन स्टॉप सेंटर, ज्याला सखी केंद्र म्हणतात. ही योजना 2015 पासून आहे. दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन आणि थोडे दिवस राहायची सोय एका छपराखाली, असा तिचा हेतू. 181 वर फोन केला तर तिथपर्यंत पोचता येतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर 1098, आणि जीव धोक्यात असेल तर सरळ 112.

तिथे गेल्यावर काय माहीत असायला हवं, ते एका नर्सच्या तोंडून ऐका. पोलिसांची चिठ्ठी असल्याशिवाय तपासणी करत नाही, हे दवाखान्यानं म्हणणं चूक आहे. बाई आधी थेट दवाखान्यात येऊ शकते. लेडी डॉक्टर नाही म्हणून अठरापुढच्या बाईला तासन्‌तास बसवून ठेवायचं कारण नाही. स्त्री परिचारिका हजर ठेवून पुरुष डॉक्टर तपासू शकतो, तिची हरकत नसेल तर. अठराच्या आतल्या मुलीला मात्र स्त्री डॉक्टरच हवी, तो पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा, नियम आहे. तपासणीच्या खोलीत पोलीस थांबत नाहीत. तपासणीला ती नाही म्हणू शकते, तरी उपचार थांबत नाहीत. उपचार फुकट, सरकारी असो की खाजगी. नाकारले तर नव्या न्याय संहितेच्या कलम 200 खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही जितकी लवकर तितकी बरी. या गोळ्यांचं आठवण करून द्यायचं काम सोबतीणीचं, कारण गर्दीत ते राहून जातं आणि तीन महिन्यांनी ती पोट घेऊन येते. दोन बोटांची ती घाणेरडी तपासणी कुणी करायला लागलं तर तिथेच थांबवा. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ती चूक ठरवली आणि 31 ऑक्टोबर 2022 रोजी सांगितलं की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी.

थान्याचं एवढंच: हद्द कुणाचीही असो, एफआयआर लिहावीच लागते. आपल्याकडची माणसं दिवाळीनंतर गुजरातेत मजुरीला जातात. बडोद्याच्या किंवा सुरतेच्या साइटवर काही घडलं आणि ती धारला घरी परतली, तर धारचं ठाणं ‘वहीं जाओ’ म्हणू शकत नाही. शून्य क्रमांकावर नोंदवून पुढे पाठवायचं काम त्यांचं. प्रत फुकट मिळते, मागून घ्या. एफआयआर लिहायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच न्याय संहितेच्या कलम 199 खाली किमान सहा महिने कैद आहे. हे कलम ओरडून सांगू नका. हळू आवाजात, ‘भैयाजी, 199 देख लीजिए’ म्हटलं की पुरतं. ती आदिवासी किंवा दलित असेल आणि आरोपी तसा नसेल, तर अत्याचार प्रतिबंध कायदाही लागतो का, हे विचारायला विसरू नका.

आता काय करायचं नाही. तिला ‘काय झालं’ असं विचारायचं नाही. ज्यांनी विचारणं भाग आहे ते विचारतील, तेच चार-पाच वेळा होतं. आपण सहावी नको. आपल्याला सांगितलं तर आपण साक्षीदार होऊ शकतो आणि तिच्या दोन सांगण्यांतला फरक उद्या वकील कोर्टात काढेल. रडू नका. पदराला हात लावून ‘बिचारी’ म्हणू नका. ‘आत्महत्येचा विचार करू नकोस हं’ असं म्हणणारी एक बाई मी पाहिली आहे. त्या मुलीच्या मनात तोवर तो विचार नव्हता. आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षर नाही, गावाचं नाव नाही, ‘आज एक पुण्याचं काम घडलं’ सुद्धा नाही. तिची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट ही की दहा गावांच्या टापूत ‘सोयाबीन काढताना’ एवढ्या दोन शब्दांतूनही ती ओळखू येते.

उलट, अठराच्या आतल्या मुलीचं आपल्याला कळलं तर गप्प बसायची मुभा नाही. पॉक्सोत कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. मोठ्या बाईचा निर्णय मात्र तिचा. आज तिला थान्यात जायचं नसेल तर नाही जायचं, आपण तिच्यासोबत नुसतं दवाखान्यात जायचं आणि परत घरी सोडायचं. आपल्या बायकांना हे सगळ्यात जड जाईल, मला माहीत आहे. आपल्याला सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही.

पेशीचं भाडं आणि बुडालेली मजुरी, इथे भिशी उपयोगी पडेल. मी हिशेब करून पाहिला आहे: मंडळातल्या प्रत्येकीनं हप्त्यावर दहा रुपये जास्त काढले तरी एका बाईच्या वर्षभराच्या फेऱ्या निघतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2018 च्या योजनेत बलात्कारासाठी किमान 4 लाख रुपयांची भरपाई आहे आणि निकालाची वाट न पाहता अंतरिम मदत मागता येते. अर्ज लिहायला बँकेतून निवृत्त झालेल्या आपल्यातल्या डझनभर जणी आहेत. पैसे तिच्याच खात्यावर जावेत, हे पाहायला त्यांच्याहून योग्य कोण? मोटारसायकलची गोष्ट वर सांगितलीच.

आणि एक जरा अवघड जाणारी गोष्ट. आपल्यातल्या काहींच्या घरचे पीथमपूरला कारखाने आहेत, काहींची देपालपूर-सांवेरकडे शेती बटाईनं दिलेली आहे, काहींचे जावई बिल्डर आहेत. तिथे गावाकडून आलेल्या बाया राबतात. त्या रात्री कुठे झोपतात, हे आपण कधी पाहिलं आहे का? झोपडीची कडी आतून लागते का? आडोशाला जायचं तर किती लांब, तिथे दिवा आहे का? मजुरी कोण वाटतं, केव्हा वाटतं, उन्हात सगळ्यांसमोर की अंधार पडल्यावर एकेकीला खोलीत बोलावून? दहा माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती हवी, 2013 चा कायदा आहे. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आपल्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईलाही तिथे जाता येतं. त्या समितीकडे जाण्याची वेळ येऊ द्यायची नसेल तर कडी बसवा. साठ रुपयांना मिळते. नवऱ्याला, जावयाला हे विचारताना घरात तोंडं वाकडी होतील. माझ्याही घरी झाली होती.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही नोकरीत असताना हे का केलं नाही? बरोबर आहे. मी केलं नाही. उघड्या बाकावर, दहा माणसांदेखत, ‘नहाई क्या? कपड़े बदले क्या?’ असं मी स्वतः विचारलं आहे. कागद पूर्ण व्हायला हवा होता. पांढऱ्या साडीच्या रात्रीनंतर आवाज खाली आला आणि पडदा लावायला लागले, एवढाच माझा पराक्रम.

दर गुरुवारी दुपारी तीन ते सहा मी घरी असते. पत्ता तुमच्या अध्यक्षाबाईंना दिलेला आहे. येताना कुणी पुस्तिका छापून आणू नका, हार आणू नका. माझ्या दाराच्या मागे एक पिशवी अडकवलेली आहे. तीत एक सलवार-कुर्ता, एक साडी, परकर, इलॅस्टिकचे आतले कपडे, टॉवेल, रबरी चपला, पॅड, ग्लुकोज बिस्किटं, पाण्याची बाटली आणि बारीक पिनेचा चार्जर आहे. अशा निदान वीस पिशव्या लागतील. यंदा संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटायच्या ऐवजी प्रत्येकीनं एकेक परकर दिला तरी अर्धं काम होईल. कमरेला नाडी असलेलेच आणा, मापाची अडचण येत नाही. रंग गडद असू द्या. पांढरा नको.

आपली,
एक निवृत्त सिस्टर
इंदूर